हाताला काम

‘ऑक्युपेशनल थेरपी’ला मराठीत ‘व्यवसायोपचार’ असा प्रतिशब्द आहे आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो हमखास चकवतो. चार वर्षांच्या पोराला कसला आलाय व्यवसाय? पण इथे व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदा नाही. माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो, ते सगळं या शब्दात येतं. चार वर्षांच्या मुलाचा व्यवसाय म्हणजे वरणभात कालवून घास तोंडापर्यंत नेणं, शर्टाचं बटण लावणं, डब्याचं झाकण उघडणं, मातीचे लाडू वळणं आणि खडूने फरशीवर रेघोट्या ओढणं. यातलं काही वयाच्या मानाने जमत नसेल, तर ते जमवून देणं हे या उपचाराचं काम, आणि त्यासाठीचं औषधही पुन्हा तेच काम. ही गोष्ट नीट समजली की या उपचाराबद्दलचे बरेच गैरसमज आपोआप गळून पडतात. बोटांची बारीक कौशल्यं वाढवायची म्हणजे बोटांना वेगळे व्यायाम द्यायचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गेल्या काही दशकांतलं संशोधन मात्र सांगतं, की हात शिकतो तो खरं काम करताना. ते काम मुलाच्या आवाक्यात कसं आणायचं, यात तज्ज्ञाचं कसब आहे.

या शास्त्राचं भारतातलं मूळ महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली व्यवसायोपचाराचं देशातलं पहिलं प्रशिक्षण सुरू झालं, ते कमलाताई निंबकर यांच्या पुढाकाराने. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाताई लग्नानंतर मुंबईच्या झाल्या. पुढे १९५२ साली या क्षेत्रातल्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि नंतर नागपुरातही प्रशिक्षण सुरू झालं. फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा त्यांच्याच नावाची. एका व्यवसायोपचारतज्ज्ञाचं नाव मुलांच्या शाळेला असावं, हे औचित्याला धरूनच आहे, कारण बालवयात उपचार आणि शिक्षण यांची सीमारेषा फार धूसर असते. कात्री धरायला शिकवणं हा उपचार की शिक्षण, असं विचारलं तर सरळ उत्तर देता येत नाही.

हात इतका सावकाश का शिकतो, हे समजायला त्याची रचना पाहावी लागते. एका हातात सत्तावीस हाडं असतात. त्यातली आठ मनगटात. जन्माच्या वेळी मनगटातली ही आठही हाडं बहुधा कूर्चेच्याच रूपात असतात. पहिली दोन काही महिन्यांत कठीण होऊ लागतात, बाकीची एकेक करत पुढच्या काही वर्षांत, आणि शेवटचं वाटाण्याएवढं हाड तर नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. हाड कठीण झालं म्हणजे कौशल्य आलं असं नाही, पण निसर्गाचं वेळापत्रक किती सैल आहे, याची कल्पना त्यावरून येते. दुसरी गंमत अशी, की बोटांच्या आत स्नायू नसतात. बोटं हलवणारे स्नायू तळहातात आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांसारख्या त्यांच्या लांब कंडरा बोटांना ओढतात. म्हणजे बोटाचं काम बोटापुरतं नसतंच. मनगट डळमळतं असेल, खांदा सैल असेल, पाठ वाकलेली असेल, तर पेन्सिलीच्या टोकाकडून स्थिरतेची अपेक्षा करणं व्यर्थ. वर या सगळ्याचा सूत्रधार मेंदू. शरीराच्या हालचालींसाठी मेंदूत राखलेल्या पट्ट्यात हाताने आपल्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त जागा व्यापलेली असते, आणि तिथून निघणाऱ्या मज्जामार्गांची जुळणी बालपणभर चालू राहते.

ही जुळणी ठरावीक क्रमाने होते. नवजात बाळाच्या तळव्यावर बोट ठेवलं की ते मूठ आवळतं, पण ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असते. चार-सहा महिन्यांत ती मावळते आणि बाळ आपणहून वस्तू धरू लागतं. सहाव्या महिन्याच्या सुमारास खुळखुळा या हातातून त्या हातात जातो. नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान अंगठा आणि तर्जनीची चिमूट तयार होते आणि जमिनीवरचा मुरमुरा उचलून तोंडात जाऊ लागतो. समोर काढून दाखवलेली उभी रेघ मूल साधारण दोन वर्षांचं असताना काढतं, गोल तीनच्या आसपास, अधिकचं चिन्ह चारच्या सुमारास, चौकोन पाचच्या आगेमागे आणि तिरप्या रेघांचा त्रिकोण त्याही नंतर. आता याच्या शेजारी ‘अ’ ठेवून पाहा. दोन अर्धगोल, त्यांना जोडणारी आडवी रेघ, मग उभा काना, वर शिरोरेषा, आणि हे सगळं योग्य क्रमाने, योग्य अंतरावर. ज्या वयात हाताला साधं अधिकचं चिन्ह जड जातं, त्या वयात पानभर ‘अ’ गिरवायला लावणं म्हणजे पाया भरण्याआधीच कळस चढवणं. अशा मुलाचं अक्षर वाकडं येतं, त्याला त्रुटी म्हणायचं कारण नाही. घाई मोठ्यांचीच झालेली असते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पहिलीचं वय सहा वर्षं धरलं आणि त्याआधीची वर्षं खेळातून शिकण्याची मानली, त्यामागे हेच शहाणपण आहे. पालक आणि शाळा मात्र अजूनही तीन वर्षांच्या मुलाच्या वहीवरून प्रगती मोजतात.

मग अडचण खरी आहे की नुसती घाई, हे कसं ओळखायचं? तज्ज्ञाचं पहिलं काम इथेच असतं. साधं शर्टाचं बटण घ्या. एका हाताने काजाची कड ताणून धरायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीत बटण उभं पकडायचं, ते काजातून अर्धवट ढकलायचं, मग हातांनी कामं बदलायची, ज्याने कड धरली होती त्याने बटण ओढायचं आणि ज्याने ढकललं त्याने कापड धरायचं. मोठ्यांना दोन सेकंद लागणाऱ्या या कामात नजर, स्पर्श, चिमटीतला जोर, दोन हातांचा समन्वय आणि क्रम लक्षात ठेवणं, अशा पाच गोष्टी गुंफलेल्या आहेत. एका मुलाची चिमूट दुबळी असते, दुसऱ्याला न बघता नुसत्या स्पर्शाने बटण कुठे आहे ते कळत नाही, तिसऱ्याचे हात हुशार असतात पण पुढची पायरी कोणती हेच सुचत नाही. बाहेरून दिसणारं अपयश तिघांचं एकच. उपाय मात्र तिघांना वेगवेगळे. एकाला मोठं बटण आणि सैल काज द्यायचं, दुसऱ्याला शर्ट टेबलावर पसरून नजरेसमोर सराव द्यायचा, तिसऱ्यासाठी पायऱ्या मोठ्याने बोलत करायच्या. आणखी एक युक्ती या क्षेत्रात फार वापरली जाते. सगळ्या पायऱ्या मोठ्या माणसाने करायच्या आणि शेवटचं बटण ओढणं तेवढं मुलाकडे सोडायचं. ते जमलं की शेवटच्या दोन पायऱ्या, मग तीन. काम पूर्ण केल्याचा आनंद दर वेळी मुलाच्या पदरात पडतो आणि पुन्हा हात घालायची हिंमत टिकते.

पूर्वी बराच काळ या क्षेत्रातही वेगळी पद्धत प्रचलित होती. आधी स्नायूंची ताकद, स्पर्शाची जाण आणि नजर-हाताचा मेळ सुटे सुटे सुधारायचे. ते सुधारले की लिहिणं, जेवणं, कपडे घालणं आपोआप सुधारेल, असा तो विचार होता. ऐकायला तो अगदी पटण्यासारखा आहे. पण पडताळून पाहिल्यावर तो फारसा टिकला नाही. हस्ताक्षरासाठीच्या उपायांवरच्या अभ्यासांचा २०११ साली कॅनडातल्या संशोधकांनी एकत्रित आढावा घेतला. ज्या उपायांत प्रत्यक्ष लिहिण्याचा सराव नव्हता ते निष्फळ ठरले होते. आणि सराव असला तरी तो वीसपेक्षा कमी वेळा झाला असेल तर त्याचाही उपयोग दिसला नव्हता. बालकांच्या व्यवसायोपचारावर ऑस्ट्रेलियातून २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक व्यापक आढावाही याच दिशेने गेला. मुलाने स्वतः निवडलेलं उद्दिष्ट, खऱ्या परिस्थितीतला खऱ्या कामाचा सराव आणि घरच्यांचा सहभाग, या गोष्टींच्या बाजूने पुरावा भक्कम होता. सुट्या क्षमतांवर काम करणाऱ्या पद्धतींच्या बाजूने तो कमजोर होता. सेरेब्रल पाल्सीमुळे एक बाजू दुबळी असलेल्या मुलांमध्येही हेच दिसतं. चांगला हात काही काळ बांधून ठेवून दुबळ्या हाताला भरपूर काम द्यायचं, किंवा दोन्ही हात लागतील अशीच कामं घडवून आणायची, या उपायांचे परिणाम चांगले सिद्ध झाले आहेत. दुबळ्या हाताला मालिश करत बसण्यापेक्षा त्याच्यावर जबाबदारी टाकणं जास्त गुणकारी ठरतं.

इथे एक रास्त शंका निघेल. मग बालवाडीत चालणारं मणी ओवणं, कणीक मळणं, मटार सोलणं हे सगळं वाया? मुळीच नाही, फक्त त्याचा हिशेब चोख ठेवावा. रांगोळी काढताना चिमटीतली पूड एका लयीत, जराजरा सोडावी लागते. पकड ढिली करण्यावर इतकं बारीक नियंत्रण मागणारी कामं घरात थोडीच असतात. मोदकाच्या पाऱ्या चिमटीत धरून कळ्या पाडणं, वाती वळणं, लसूण सोलणं, दिवाळीत किल्ल्याची माती थापणं ही खरी कामं आहेत. त्यांना शेवट आहे, त्यांचं काहीतरी बनतं आणि घरात त्यांची दखल घेतली जाते. म्हणून मूल त्यात रमतं, चुकतं, पुन्हा करतं, आणि हाताला हवी ती पुनरावृत्ती कुणी न सांगता होते. मात्र मटार सोलून मटार सोलणंच पक्कं होतं. त्यातून सुवाच्य अक्षर आपोआप निघत नाही. अक्षर हवं असेल तर योग्य वयात, थोडं थोडं, पण खरोखर लिहायलाच हवं. मण्यांच्या आणि मातीच्या खेळांची किंमत खेळ म्हणून आणि काम म्हणून मोठी आहे. लेखनाचा पर्याय म्हणून नाही.

‘आमच्या वेळी कुठे होत्या असल्या थेरप्या? तरी शिकलोच की!’ हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो आणि त्यात अर्धं सत्य आहे. धूळपाटीवर बोटाने धुळाक्षरं काढणाऱ्या मुलाला अक्षराचा आकार डोळ्यांइतकाच त्वचेतूनही कळत होता. पाटीवरच्या पेन्सिलीला घासण्याचा विरोध असायचा, म्हणून हाताला आपल्या जोराचा अंदाज यायचा. आणि झिजून बोटभर उरलेली पेन्सिल मुठीत धरून लिहिता येत नसल्याने ती चिमटीतच धरावी लागायची. आजचे तज्ज्ञ मुद्दाम खडूचे छोटे तुकडे देतात ते याच कारणाने. सागरगोटे, गोट्या, भोवरा यांत हाताची वेगवेगळी कसोटी लागत होती. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या बालवाडीत शंख-शिंपले, बिया, पानं अशा परिसरातल्या वस्तूंतून शिक्षणाची साधनं घडवली, तीही हाताला बुद्धीचं दार मानूनच. पण या आठवणींत एक मूल दिसेनासं होतं: ज्याला हे काहीच जमत नव्हतं ते. त्याला वेंधळा, धांदरट, आळशी म्हटलं गेलं, खराब अक्षरासाठी त्याच्या हातावर छडी बसली आणि बहुधा ते शाळेतून निसटलं. हालचालींचा समन्वय साधण्यात मुळातच अडचण असलेल्या या अवस्थेला आज ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’ म्हणतात. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत तिचं प्रमाण पाच ते सहा टक्के मानलं जातं, म्हणजे चाळीसच्या वर्गात दोन मुलं. तेव्हा ‘आम्ही शिकलो’ हे शिकलेल्यांचं म्हणणं झालं.

दुसरा आक्षेप धीराचा सल्ला देतो: मोठं झालं की येईल. अनेकदा येतंही, मुलांच्या गतीत मोठा फरक असतो आणि शेजारच्या मुलीशी तुलना करून घाबरण्यात अर्थ नाही. पण काही खुणा थांबण्याच्या नसतात. वर्षाच्या आतलं बाळ सतत एकच हात वापरत असेल, तर ते ‘डावरं होणार’ म्हणून कौतुक करण्यापेक्षा दुसरा हात दुबळा तर नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. वर्ष उलटूनही चिमूट होत नसेल, चार-पाच वर्षांचं मूल हाताची कामं सतत टाळत असेल, किंवा शाळेत जाऊ लागलेलं मूल तोंडी हुशार असूनही कागदावर काहीच उतरवू शकत नसेल, तर तज्ज्ञाला दाखवावं. आणि आधी येणारं कौशल्य हरवत असेल तर एक दिवसही वाया न घालवता. समन्वयाची अडचण असलेल्या पुष्कळ मुलांत ती किशोरवयापर्यंत आणि पुढेही टिकते. शिवाय वाट पाहण्याच्या काळात अडचणीला एक जोडीदार मिळतो. जे जमत नाही ते मूल टाळतं, टाळल्यामुळे सराव होत नाही आणि सराव नसल्यामुळे अंतर वाढत जातं.

तिसरा आक्षेप काळाचा आहे. सगळं जग कळफलकावर आणि काचेवर आलं असताना अक्षराचा अट्टाहास कशाला? याचं एक उत्तर २०१२ साली अमेरिकेत झालेल्या एका छोट्या प्रयोगात सापडतं. वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरं हाताने लिहायला, काही गिरवायला आणि काही कळ दाबून टाइप करायला दिली. नंतर तीच अक्षरं नुसती पाहताना, वाचनाशी निगडित असलेले मेंदूतले भाग हाताने लिहिलेल्या अक्षरांच्या बाबतीत जास्त जागे झाले; गिरवलेल्या आणि टाइप केलेल्या अक्षरांनी ते साधलं नाही. आपल्याकडे गिरवण्यावर असलेला भर पाहता ही गोष्ट विशेष मनावर घेण्यासारखी आहे. एका लहान प्रयोगावर सगळा डोलारा उभा करू नये, हे खरं; पण बटण, चमचा, किल्ली, सुई आणि सुटे पैसे काचेवर सरकवून हाताळता येत नाहीत, हे कळायला प्रयोगाचीही गरज नाही. आणि चांगला तज्ज्ञ अक्षराचा हट्ट धरतही नाही. पेन्सिल शास्त्रोक्त तीन बोटांतच धरली पाहिजे असा आग्रह अजून दिसतो. पण चौथीच्या वर्गातल्या मुलांची पाहणी झाली तेव्हा प्रचलित चार प्रकारच्या पकडींत लिहिण्याचा वेग आणि सुवाच्यता सारखीच आढळली. हात दुखत नसेल आणि अक्षर लागत असेल, तर पकड सुधारण्याचा खटाटोप सोडावा. एखाद्या मुलासाठी कळफलक, लेखनिक किंवा परीक्षेत वाढीव वेळ हाच योग्य उपाय असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ने अध्ययन अक्षमतेलाही मान्यता दिली आहे आणि आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षांत पात्र विद्यार्थ्यांना अशा सवलती मिळतात. काम साधलं पाहिजे. ते कसं साधलं हा पुढचा प्रश्न.

वर्गखोलीतही बिनपैशाचे बदल करता येतात. पूर्वीच्या पेढीवर मुनीमजींसमोर उतरतं डेस्क असायचं. लिहिण्याची पाटी अशी थोडी तिरकी ठेवली की मनगट आपसूक योग्य कोनात येतं आणि मान कमी वाकते. आज उपचारकेंद्रांत हीच गोष्ट ‘स्लँट बोर्ड’ म्हणून मिळते. बसकरपट्टीवर बसून मांडीवरच्या वहीत लिहिणाऱ्या मुलासमोर एक पाट ठेवला तरी पाठीचा ताण हलका होतो. भिंतीवरच्या फळ्यावर लिहिताना खांदा आणि मनगट दोन्ही कामाला लागतात, म्हणून फळा फक्त शिक्षकांचा असू नये. आणखी एक बाब लिपीची. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. मराठी अक्षरं वरच्या रेघेला लोंबतात, इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर बसतात. एकाच महिन्यात दोन्ही लिप्या हाती घेणाऱ्या मुलाच्या हाताला दोन उलटे नियम पाळावे लागतात, हे ध्यानात घेतलं तर वहीवरची कितीतरी लाल शाई वाचेल.

शेवटची अडचण सगळ्यांत खरी: तज्ज्ञ मिळणार कुठे आणि परवडणार कसा? ही सेवा बहुतांशी शहरांत एकवटली आहे. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते आणि विकासात मागे पडलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची सोय आहे. आपल्या जिल्ह्यातल्या केंद्राची चौकशी अंगणवाडी सेविकेकडे किंवा जिल्हा रुग्णालयात करावी. खासगी केंद्रात जाताना तीन प्रश्न विचारावेत: कोणतं रोजचं काम सुधारायचं ठरवलंय, ते किती दिवसांनी तपासणार, आणि घरी आम्ही काय करायचं? या तिन्हींची साधी उत्तरं मिळाली नाहीत तर भिंतीवरच्या रंगीबेरंगी उपकरणांना भुलू नये. आठवड्यातून पाऊण तासाच्या उपचाराने हात घडत नाही. त्या पाऊण तासात ठरलेलं काम उरलेल्या दिवसांत घरात झालं तरच तो घडतो. म्हणूनच पुराव्यांनी पालकांना उपचाराच्या मध्यभागी आणून बसवलं आहे.

आणि तिथेच आपण कमी पडतो, बहुधा प्रेमापोटी आणि घाईपोटी. रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवत असतात, मूल बटणाशी झटत असतं आणि आपण दोन सेकंदांत ती सगळी लावून टाकतो. रोज सकाळी असं त्याच्या हातातलं काम काढून घेतलं जातं आणि संध्याकाळी त्याच हातांसाठी आपण मण्यांचा संच विकत आणतो. पाच मिनिटं लवकर उठणं प्रत्येक घराला जमेलच असं नाही. वरची चार बटणं आपण लावावीत, हरकत नाही. शेवटचं तेवढं मुलासाठी ठेवावं.